औषध पचवणारा इवलासा जीव

"अगं, आमच्याकडचे डास आता मशीनला जुमानतच नाहीत बघ. रात्रभर लावून ठेवते, तरी सकाळी पोरांच्या हातापायांवर गांध्या!" अशी तक्रार हल्ली दारोदारी ऐकू येते. मग आपण काय करतो? मशीनचं बटण मोठ्यावर ठेवतो, वर फवारा मारतो. डास औषधाला सरावतात हे आपल्याला ठाऊक झालंय. पण तेच औषध मोरीतून गटारात आणि गटारातून ओढ्यात गेल्यावर तिथे काय होतं, याचा विचार सहसा मनात येत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओढ्यांमध्ये एक जीव असतो, हायलेला नावाचा. तांदळाच्या दाण्याएवढा, दिसायला आपल्या जवळ्यासारखा. तळाशी राहून कुजकी पानं, शेवाळ खातो आणि स्वतः माशांचं खाणं होतो. हा जीव भारी नाजूक. म्हणून तिकडे पाण्याची, गाळाची परीक्षा त्याच्यावरच करतात. ओढ्यातला गाळ आणायचा, त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले हायलेला सोडायचे. जगले तर ठीक, मेले तर गाळात विष आहे असं समजायचं.

सॅक्रॅमेंटो शहराजवळ रोझव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या नव्या वसाहतींमधून वाहणाऱ्या ओढ्याचा गाळ असाच तपासला, तेव्हा हायलेला मेले. ही गोष्ट २००५ साली प्रसिद्ध झाली. आजूबाजूला शेती नव्हती, कारखाना नव्हता. मग विष आलं कुठून? घरांभोवती मुंग्यांसाठी, किड्यांसाठी मारलेल्या औषधातून! पावसाने ते धुऊन थेट ओढ्यात नेलं होतं.

ही औषधं पायरेथ्रॉइड जातीची. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात किडे मारणारा अर्क असतो, त्याची नक्कल करून ती बनवतात. आपल्याकडची डासांची मशीन, झुरळांचे फवारे, मुंग्यांचा खडू यांतही बहुतेक याच जातीचं औषध असतं. कपाशीवर मारतात ते सायपरमेथ्रिनही त्यातलंच. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा काही अब्जांश भाग असला, तरी नाजूक हायलेला मरतो.

पण पुढे एक कोडं पडलं. ज्या गाळात प्रयोगशाळेतले हायलेला मरत होते, तसल्याच गाळात ओढ्यातले रानटी हायलेला मजेत जगत होते! दिसायला दोन्ही सारखेच. बर्कलीचे शास्त्रज्ञ डोनाल्ड वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली याचं उत्तर दिलं. हे औषध किड्याच्या नसांमधल्या एका बारीक दाराला धरून ठेवतं. दार मिटत नाही, नस सारखी फडफडत राहते आणि जीव मरतो. ओढ्यातल्या जीवांमध्ये त्या दाराची घडणच किंचित बदललेली होती. त्यामुळे औषधाची पकड बसत नव्हती. प्रयोगशाळेतल्यांपेक्षा ते शेकडो पट जास्त औषध सोसत होते. आणि हा बदल एकाच ठिकाणी होऊन पसरला नव्हता, तर वेगवेगळ्या ओढ्यांत आपापला घडला होता. थोडक्यात काय, ज्यांना सोसलं नाही ते मरून गेले आणि सोसणाऱ्यांचाच वंश राहिला. आपल्या घरातल्या डासांचंही असंच होतं.

तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की, जीव वाचला! पण त्याची किंमत मोजावी लागतेच. पुढच्या तपासण्यांत दिसलं, की अशा हायलेलांना पिल्लं कमी होतात आणि उन्हाळाही कमी सोसतो. शिवाय तो मरत नाही, म्हणून औषध अंगात साठवून फिरतो. प्रयोगशाळेत असे जीव माशांना खायला घातले, तेव्हा औषध माशांच्या अंगात उतरलं. आणि सगळ्यांनाच असं बदलता येत नाही. ओढ्यात दगडांना चिकटून राहणारी, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं अशा पाण्यातून लवकर नाहीशी होतात. गोगलगायी, गांडुळासारखे किडे मागे राहतात. म्हणून 'पाण्यात जीव दिसतात, म्हणजे पाणी चांगलंच आहे' असं म्हणून चालत नाही. कोण दिसतंय आणि कोण दिसेनासं झालंय, हेही पाहावं लागतं.

मैत्रिणींनो, आपल्या हातात काय आहे? फवारा भिंतभर मारण्यापेक्षा फटी बुजवाव्यात, खरकटं रात्री ठेवू नये. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. पिंप, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात. उरलेलं औषध मोरीत ओतू नये. शेत असेल तर घरच्या माणसांना एक सांगा: पंप ओढ्यात, विहिरीवर धुवायचा नाही. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घालायचं आणि शेतावरच फवारून टाकायचं. तो डबा पुन्हा पाण्याला, धान्याला वापरायचा नाही.

डास ऐकत नाहीत म्हणून मशीनचं बटण मोठ्यावर नेताना हात जरा थांबवा. खिडक्यांना जाळी लावली, तर डासांना तिची सवय होत नाही, आणि ओढ्यालाही तिचा त्रास नाही.