गाईला औषध दिलंय? मग दूध कधीपासून कॅनमध्ये घालायचं



मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासदाचं 2 कॅन दूध डेअरीच्या गेटवरून परत आलं. फॅट चांगली, एसएनएफ चांगलं, पाण्याचा थेंब नाही. तरी परत, कारण पट्टीच्या तपासणीत अँटिबायोटिक निघालं. एका गाईला दगडी झाली होती, सडात ट्यूबा सोडल्या होत्या. शेवटच्या ट्यूबनंतर एका वेळचं दूध त्यांनी बाजूला काढलं आणि पुढच्या धारेपासून कॅनमध्ये घातलं. एका गाईमुळे बाकीच्या चार गाईंचं चांगलं दूधही गेलं. तेव्हापासून चार-पाच जणांनी फोन करून विचारलं, "हा नियम डेअरीनं काढलाय का?" म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचा.

नियम सरकारचा आहे. त्याची पहिली कडी औषधाच्या बाटलीवर असते. ज्या जनावराचं दूध, अंडी किंवा मटण माणूस खातो, त्याच्या औषधाच्या लेबलवर 'विथड्रॉवल पिरियड' छापणं 2012 पासून बंधनकारक आहे. म्हणजे शेवटच्या डोसनंतर किती दिवस दूध किंवा मटण विकायचं नाही ते. त्या औषधासाठी असे दिवस ठरलेले नसतील, तर नियमानं कमीत कमी *दूध आणि अंड्यांना 7 दिवस, मटण-चिकनला 28 दिवस* धरायचे. लेबल बारीक अक्षरात असतं, आपण वाचत नाही. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा.

दिवस मोजायचे ते *शेवटच्या* डोसपासून, पहिल्या नाही. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. शेवटची ट्यूब 3 तारखेला सकाळी सोडली आणि मुदत 7 दिवसांची असेल, तर ती 10 तारखेला सकाळी संपते. 10 च्या संध्याकाळची धार कॅनमध्ये घाला. आणखी एक, ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं. औषध कासेतून रक्तात जातं आणि दुसऱ्या सडातून बाहेर येतं. गाय आटवताना सोडायच्या ट्यूबा वेगळ्या असतात, त्यांची मुदत बरीच जास्त असते. दुभत्या गाईला चुकून ती ट्यूब सोडली तर 7 दिवसांचा हिशोब चालत नाही, लगेच डॉक्टरांना विचारा.

दुसरी कडी म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006. गंमत अशी की शेतावरचा शेतकरी आणि त्याची जनावरं यांना या कायद्यातून वगळलंय. आपल्या गोठ्यात कोणी निरीक्षक येत नाही. पण दूध डेअरीत पोचलं की डेअरी 'अन्न व्यावसायिक' ठरते आणि दुधात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर जबाबदारी तिच्यावर येते. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. म्हणून डेअरी गेटवरच पट्टी लावते. एक कॅन टँकरमध्ये मिसळला की सगळ्या गावाचं दूध जातं.

उकळलं की जात नाही का, असं एकानं विचारलं. नाही जात, बरीचशी अँटिबायोटिक्स उकळूनही टिकतात. काही लोकांना पेनिसिलिनची ॲलर्जी असते, त्यांना थोडंही बाधू शकतं. आणि थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की जंतू त्याला सरावतात, मग खऱ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही. पण दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ, असं मात्र धरू नका.

एफएसएसएआयनं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. भेसळीमुळे धोकादायक निघाले फक्त 12. अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं 77 मध्ये, आणि बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, 368 मध्ये. म्हणजे शिव्या भेसळवाल्यांना पडतात, पण मोठा आकडा गोठ्यातला निघाला. अफ्लाटॉक्सिन येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्याच्या भरड्यातून. तेही उकळून जात नाही. पावसाळ्यात ओल लागलेलं पोतं "जनावराला चालतं" म्हणून घालू नका. यावर पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.

शेळीवाल्यांनी 28 दिवस लक्षात ठेवा, विशेषतः बकरी ईदच्या आधी. नोंदणीकृत कत्तलखान्यात डॉक्टरनं तपासून योग्य ठरवल्याशिवाय जनावर कापता येत नाही. 2001 च्या नियमात एका डॉक्टरनं तासाला 12 च जनावरं तपासायची असं लिहिलंय, म्हणजे एकाला 5 मिनिटं. त्यात ताप, जखम, लंगडणं कळतं. मटणातलं औषध डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त इंजेक्शन देणाऱ्याला माहीत असतं, म्हणजे आपल्याला. बोकड बाजारात न्यायच्या महिनाभर आधीचा उपचार लिहून ठेवा आणि दिवस भरले नसतील तर पुढच्या बाजाराला न्या. कुक्कुटपालनवाल्यांसाठी: कोलिस्टिन 2019 पासून बंद आहे, दुकानदार जुना माल काढून देत असेल तर घेऊ नका.

आता पैशाचं. 10 लिटरची गाय 7 दिवस बाजूला ठेवली की 70 लिटर, 30 रुपये दरानं 2,100 रुपये बुडतात. कायदा दिवस सांगतो, भरपाई कोण देणार ते सांगत नाही, आणि हे मला स्वतःला पटत नाही. पण 2 कॅन, म्हणजे 80 लिटर, परत आले तर त्याच दरानं 2,400 रुपये एकाच दिवशी जातात, हाही हिशोब करा. ते दूध वासराला पाजू नका, खड्ड्यात ओता.

उपचार चालू असलेल्या गाईच्या शिंगाला किंवा दाव्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे धार काढायला घरातलं दुसरं कोणी बसलं तरी कळेल. तिची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीत काढा. डॉक्टरांकडून औषधाचं नाव, तारीख आणि दिवस चिठ्ठीवर लिहून घ्या. लेबल कळत नसेल तर फोटो याच नंबरवर पाठवा, संध्याकाळच्या धारेच्या आत उत्तर देतो.