दातांच्या खुर्चीतलं बोटॉक्स

सकाळी साडेनऊ. मावशी शटर वर करतात, आटोक्लेव्ह लावतात. मी आधी बोटॉक्सच्या फ्रिजचा थर्मामीटर बघते: दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवा. काल रात्री आमच्या कोथरूडमध्ये तासभर दिवे गेले होते, म्हणून आज जरा धाकधूक. या फ्रिजमध्ये कुणाचा डबा ठेवायचा नाही, ताकाची बाटलीही नाही.

दहा ते साडेअकरा नेहमीचंच. एक अक्कलदाढ, एक रूट कॅनाल, एका आजोबांची टोचणारी कवळी. क्लिनिकचं भाडं निघतं ते यातूनच.

पावणेबारा. आयटीतला तरुण. झोपेत इतके दात खातो की दोन नाईट गार्ड चावून फोडलेत. याला बोटॉक्स चालेल. हे मुळात डोळ्यांच्या डॉक्टरांचं औषध. अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकड्यांसाठी. आठ्यांसाठी मंजुरी मिळाली २००२ साली. दात खाण्यासाठी ती अजून नाही, अनुभवावर वापरतात. हे मी त्याला सांगते, संमतिपत्रातही लिहिते.

व्हायल उजेडात धरली तर तळाशी पावडरीचा जेमतेम पापुद्रा दिसतो. शंभर युनिटं तेवढ्यात. अडीच मिली सलाईन आत सोडायचं, बाटली हलक्या हाताने फिरवायची, खळखळवायची नाही. मग त्याला म्हणते, "दात घट्ट आवळा." गालात स्नायूची गाठ उठते. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पांढऱ्या पेन्सिलीने रेघ. टोचायचं ते रेघेच्या खाली आणि स्नायूच्या पुढच्या कडेपासून सेंटीमीटरभर मागे. पुढे सरकलात तर हसताना तोंड वाकडं होतं. एका बाजूला पंचवीस युनिटं. टोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याआधीचे प्रश्न वीस मिनिटांचे. स्नायूंचा आजार? रक्त पातळ करायच्या गोळ्या? बायकांना गरोदरपणाबद्दलही.

"दातांच्या डॉक्टरला चेहऱ्यातलं काय कळतं?" हे मला त्वचारोगतज्ज्ञ मैत्रीणही ऐकवते. मी तोंड-जबड्याची सर्जन, एमडीएस. आमच्या शाखेला हे करता येईल, असं डेंटल कौन्सिलने २०२२ च्या अखेरीस म्हटलं आणि त्वचारोगतज्ज्ञ खवळले. त्यांचं एक मला पटतं: दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगून कपाळापासून मानेपर्यंत टोचत सुटणारे आमच्यातही आहेत. मी स्वतः दातांपासून फार लांब जात नाही.

दीडला जेवण, मग एक डुलकी.

पाच. आई आणि लेक. हसताना हिरड्या फार दिसतात, साखरपुडा येत्या रविवारी. नाकपुडीशेजारी दोन्हीकडे दोन-दोन युनिटं पुरतात, पण औषध पूर्ण बसायला दोन आठवडे लागतात. चुकून जास्त गेलं तर वरचा ओठ लोंबतो आणि तसाच फोटोत येतो. शिवाय हिरड्या दिसण्याचं कारण जबड्याची लांबी असेल, तर सुईने भागत नाही. "आत्ता नाही करणार," मी सांगते. आई विचारतात, "आणि तीन-चार महिन्यांत उतरणार म्हणता, मग पैसे कशाला घालवायचे?" प्रश्न रास्त आहे. दोघी दात साफ करून घेऊन जातात.

साडेसहा. ओठ भरून घ्यायला आलेली बाई. तोंड उघडल्यावर वरच्या दाढेच्या मुळाशी पू दिसतो. शेजारी जंतू असताना फिलर टोचणं म्हणजे त्यांना घर बांधून देणं. आधी रूट कॅनाल. ती नाराज होते. बहुधा दुसरीकडे जाईल.

सव्वासात. आणखी एक बाई. हिचं रूट कॅनाल मागेच झालंय, आज ओठात फिलर. झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवते. ओठ बोटाने दाबायचा, सोडायचा. पांढरा पडलेला ठिपका दोनेक सेकंदांत लाल व्हायला हवा. नाही झाला किंवा दुखू लागलं, तर फिलर रक्तवाहिनीत गेलं असं धरायचं. ते विरघळवणारं हायलुरोनिडेज हाताशी नसेल, तर सिरिंज उघडूच नये. क्वचित, पण यात कातडी मरते. नाकाजवळ टोचताना झालं तर दृष्टीही जाते.

साडेआठला शटर खाली.

तुम्ही कुणाकडेही जा, दातांच्या किंवा त्वचेच्या. टोचण्याआधी व्हायलीवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत बघायला मागा. दाखवत नसतील तर खुर्चीतून उठा.