डोक्यावरचा भार आणि डोकेदुखी



पाड्यांवरच्या पुष्कळ बहिणी डोके दुखले की दुकानातून गोळी आणतात. पण दुखण्याचे मूळ कित्येकदा मानेत असते. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूचे संदेश आत एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून मानेतील दुखणे कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवते. 15 लिटरचा भरला हंडा म्हणजे 15 किलोंहून अधिक वजन. त्यात लाकडाची मोळी आणि वाकून केलेली लावणी.

वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेतल्या, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते.

फिजिओथेरपिस्ट आखडलेले सांधे हाताने मोकळे करतात आणि व्यायाम शिकवतात. सोपा व्यायाम असा: ताठ बसावे, नजर समोर ठेवून हनुवटी हळूच मागे घ्यावी, पाच आकडे मोजून सोडावी, असे दहा वेळा. जबडा दुखत असल्यास ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवावेत, जीभ टाळूला हलकेच टेकवावी, कडक पदार्थ काही दिवस टाळावेत.

मात्र डोके अचानक असह्य दुखू लागले, तापासोबत मान ताठली, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले किंवा डोक्याला मार लागला, तर व्यायाम नको. लगेच दवाखाना गाठावा.

आपल्या मंडळीत कोणी फिजिओथेरपिस्ट असतील, तर त्यांनी पाड्यासाठी एक दिवस द्यावा. आणि पाणी घराजवळ आले, तर मानेवरचा भार मुळातच उतरेल.