विश्लेषण : स्टीफन किंग यांच्या कादंबरीत स्टीफन किंग यांचाच मृत्यू का होतो?

मालिका पूर्ण होण्याआधीच लेखक गेला तर? दीर्घ कादंबरीमालांच्या वाचकांना ही धास्ती कायम असते. रॉबर्ट जॉर्डन यांचे २००७ मध्ये निधन झाले आणि ‘द व्हील ऑफ टाइम’चे उरलेले खंड ब्रँडन सँडरसन यांना लिहावे लागले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला. सहाव्यासाठी वाचक दशकाहून अधिक काळ ताटकळले. स्टीफन किंग यांनी मात्र ही धास्तीच कथानकात ओढली. ‘द डार्क टॉवर’ मालिकेतील सहावी कादंबरी ‘साँग ऑफ सुझाना’ (२००४) संपते ती किंग यांच्या मृत्यूच्या बातमीने.

मालिका नेमकी काय आहे?

रोलंड हा एका मोडकळीस आलेल्या जगातला शेवटचा ‘गनस्लिंगर’. सर्व विश्वांना तोलून धरणारा एक काळा मनोरा आहे, त्याच्या आधाराच्या सहा अदृश्य तुळया एकेक करून तुटत आहेत आणि रोलंडला तिथे पोहोचायचे आहे. रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या एका कवितेवरून किंग यांना ही कल्पना सुचली. त्यात टॉल्किन यांची भव्यता आणि सर्जिओ लिओनी यांच्या काउबॉयपटांची धूळ मिसळली. लेखनाला सुरुवात झाली १९७० मध्ये, किंग विद्यापीठात शिकत असताना. पहिला खंड १९८२ मध्ये एका लहान प्रकाशनाने काढला, जेमतेम दहा हजार प्रती. किंग यांच्या बहुसंख्य वाचकांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या वर्षी ‘पेट सेमेटरी’तील ग्रंथसूचीत हे नाव दिसले आणि ‘हे पुस्तक मिळते कुठे?’ अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा पाऊस पडला.

वाचकांचा तगादा किती होता?

तिसरा खंड १९९१ मध्ये आला तो ऐन मोक्याच्या क्षणी थांबलेला. वेड लागलेली, बोलणारी रेल्वेगाडी आणि तिच्यात अडकलेली पात्रे कोड्यांच्या जीवघेण्या स्पर्धेला बसतात आणि पुस्तक संपते! पुढचा खंड यायला सहा वर्षे लागली. किंग यांनीच सांगितले आहे, की कर्करोगाने ग्रासलेल्या ८२ वर्षांच्या एका आजीबाईंनी आणि मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या एका कैद्याने शेवट काय ते आधीच कळवण्याची विनंती केली होती. गुपित थडग्यापर्यंत नेऊ, असे कैद्याचे आश्वासन होते. किंग कळवणार तरी काय? शेवट त्यांनाही ठाऊक नव्हता.

१९ जून १९९९ रोजी काय घडले?

अमेरिकेतील मेन राज्यात रस्त्याकडेने चालत असताना एका व्हॅनने किंग यांना उडवले. गाडीतल्या कुत्र्याकडे चालकाचे लक्ष गेले होते. पाय अनेक ठिकाणी मोडला, खुबा मोडला, एक फुप्फुस निकामी झाले. जीव वाचला, पण मालिका अर्धवट राहण्याची शक्यता आता निव्वळ कल्पना उरली नव्हती. किंग यांनी पुढे झपाट्याने काम केले. उरलेले तीन खंड नोव्हेंबर २००३ ते सप्टेंबर २००४ या अवघ्या दहा महिन्यांत वाचकांच्या हाती पडले.

कादंबरीत या अपघाताचे काय केले?

‘साँग ऑफ सुझाना’मध्ये रोलंड आणि त्याचा साथीदार एडी १९७७ च्या मेनमध्ये येतात आणि तरुण किंग यांच्या दारात उभे राहतात. आपणच निर्मिलेले पात्र समोर पाहून लेखक हादरतो. त्याने ही गोष्ट अर्धवट टाकून दिली आहे. ती पुढे गेली नाही तर मनोरा कोसळणार, म्हणून रोलंड त्याला संमोहित करून लिहिते राहायला बजावतो! इकडे गर्भवती सुझाना, शरीराचा ताबा घेतलेल्या मियासह १९९९ च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचते. तिच्या शोधात फादर कॅलाहनही निघतात. हे कॅलाहन किंग यांच्याच ‘सालेम्स लॉट’मधले. नारायण धारप यांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली, त्यामुळे मराठी भयकथावाचकांना हा धागा अगदीच परका नाही. शेवटी किंग यांची काल्पनिक रोजनिशी येते आणि तिच्या टोकाला अपघाती मृत्यूचे वृत्तपत्रीय कात्रण.

वाचकांनी हे स्वीकारले का?

सर्वांनी नाही. लेखकाने स्वतःलाच विश्वाचा आधार ठरवणे अनेकांना आत्मप्रौढी वाटली. खंडही दोन मोठ्या भागांमधल्या पुलासारखा, स्वतःच्या पायावर उभा न राहणारा. ही तक्रार रास्तच आहे. पण कादंबरीतला किंग थोर वगैरे नाही. तो दारू पिणारा, घाबरट आणि कामचुकार आहे. त्याच्या आळसापायी पात्रांचे जीव धोक्यात येतात. सातव्या खंडात त्याला त्या व्हॅनपासून वाचवण्याची जी किंमत मोजावी लागते, ती तर मालिकेतली सर्वात जड किंमत ठरते. ती कोण मोजते, हे न वाचलेल्यांसाठी इथे सांगणे बरे नव्हे.

पुढे काय?

२०१२ मध्ये किंग यांनी चौथ्या आणि पाचव्या खंडांच्या मधली एक कथा सांगणारी आठवी कादंबरी लिहिली. इद्रिस एल्बा आणि मॅथ्यू मॅकॉनहे यांचा २०१७ मधील चित्रपट मात्र साफ आपटला. हजारो पानांचा ऐवज दीड तासात कोंबला की दुसरे काय होणार! आता दिग्दर्शक माइक फ्लॅनगन यांच्याकडे हक्क असून, २०२२ च्या अखेरीस त्यांनी ते जाहीर केले. त्यांच्या मनात आहे ती अनेक हंगामांची दूरचित्रवाणी मालिका.