फोटोतल्या मुलीच्या घरी

आमचे वडील पुण्यात वार लावून शिकले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९३० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. आजच्या मुलांना 'वार' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. खेड्यातून शिकायला आलेल्या गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या सात घरांच्या अन्नावर अण्णा मॅट्रिक झाले, नोकरीला लागले आणि पुढे आम्हां चार भावंडांना त्यांनी शिकवले. पण सदाशिव पेठेतल्या एका गल्लीतून मात्र ते जन्मभर कधी गेले नाहीत. लांबचा वळसा घेत, पण ती गल्ली टाळत.

मी एकदा कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "त्या घरी माझा शुक्रवार होता. जेवण उत्तम असे, भातावर तूपही वाढीत. पण पाहुणे आले की मला ओसरीवर बोलावून दाखवीत, 'हा आमचा वाराचा मुलगा बरं का! फार हुशार आहे.' तो घास अजून घशाखाली उतरत नाही."

अण्णांचे हे बोलणे मी विसरून गेले होते. ते आठवले बॉस्टनला मुलाच्या घरी असताना, आणि आठवायला कारण झाली सूनबाई. एका रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही आहात तोवर आपण सगळेच ग्वाटेमालाला जाऊन तिला भेटून येऊ या का?"

'ती' म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. मुलगा आणि सून पाच वर्षांपासून एका संस्थेमार्फत ग्वाटेमालातल्या एका मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा ४० डॉलर देतात. आपल्याकडे शाळांतून दत्तक-पालक योजना असते, तशातलाच हा प्रकार. मुलीचा फोटो घरात शीतकपाटाच्या दारावर लावलेला. वर्षातून दोनतीन पत्रे येतात, त्यांबरोबर एखादे चित्र. मुलीचे नाव मी येथे देत नाही. तसा संस्थेचा नियमच आहे आणि तो योग्यही आहे. घरात आम्ही तिला 'चिमी' म्हणत असू. फोटोतली चिमी तेव्हा सहा वर्षांची होती, आता अकरा वर्षांची झाली आहे. माझी नात तिच्याहून दोन वर्षांनी लहान.

सुनेचा हेतू चांगला होता. पण माझ्या मनात त्या शुक्रवारच्या घरची ओसरी उभी राहिली. आपण देतो ते ठीक. पण ज्याला दिले त्याला जाऊन पाहायचे कशासाठी? उपकार पोचला की नाही याची पावती घ्यायला?

तरी मी गेले. जाण्यापूर्वी, शाळामास्तरणीच्या सवयीने, थोडी माहिती वाचून काढली.

ही पद्धत तशी जुनी आहे. १९३७ साली, स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या काळात, जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराला होजे नावाचा एक लहान मुलगा भेटला. मुलाजवळ बापाची चिठ्ठी होती. सांतान्देर शहर शत्रूच्या हाती पडले की मला गोळ्या घालतील, ज्याला माझा मुलगा सापडेल त्याने त्याला सांभाळावे, अशा अर्थाची. त्यातून युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी परदेशी 'पालक' मिळवण्याची योजना निघाली. एका मुलामागे एक कुटुंब, दरमहा ठरावीक रक्कम आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार. आज ती संस्था 'प्लॅन इंटरनॅशनल' या नावाने ओळखली जाते. पुढे १९५० नंतर कोरियातल्या युद्धाने पोरक्या झालेल्या मुलांनाही अमेरिकेतल्या कुटुंबांनी असाच हात दिला. आज त्याच दक्षिण कोरियातली कुटुंबे दुसऱ्या देशांतल्या मुलांसाठी पैसे पाठवतात, हे वाचून मला फार बरे वाटले.

दुसरी बाजूही आहेच. १९९८ साली 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाच्या बातमीदारांनी स्वतःच अशी मुले निवडून त्यांना पैसे पाठवले आणि मग त्यांचा शोध घेतला. काहींच्या हाती फारच थोडे पडले होते. आफ्रिकेतल्या माली देशातली एक मुलगी तर वारली होती, तरी तिच्या नावाने पैसे घेणे चालूच होते. अशा टीकेनंतर पुष्कळ संस्थांनी आपले हिशेब आणि पद्धती सुधारल्या. कित्येक संस्था आता पैसा एकाच मुलाच्या हाती न देता साऱ्या गावाची शाळा, पाणी, दवाखाना यांवर खर्च करतात. या मदतीचा उपयोग होतो का, याचाही शोध झाला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी भारत आणि ग्वाटेमाला धरून सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. लहानपणी एका संस्थेकडून असा आधार मिळालेली मुले इतरांहून सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती. एक वर्ष म्हणजे काही थोडे नव्हे. अण्णांचा एखादा वार सुटता, तर त्यांची मॅट्रिक राहिली असती.

जायचे ठरले, पण उठलो आणि गेलो असे येथे चालत नाही. कित्येक आठवडे आधी कळवावे लागते, पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा लागतो. मुलाला एकट्याने भेटायचे नाही, आपला पत्ता द्यायचा नाही, महाग भेटी न्यायच्या नाहीत. सूनबाईने हौसेने सोन्याची छोटी कर्णफुले घेतली होती. ती घरीच राहिली. संस्थेने कळवले की शेजारपाजारच्या मुलांत तिला वेगळे पाडू नका. शाळेसाठी वह्या आणि फुटबॉल आणा, तिच्यासाठी एखादी लहानशी वस्तू.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, बॉस्टनमध्ये गुडघाभर बर्फ असताना, आम्ही निघालो. वाटेत विमान बदलून ग्वाटेमाला शहर गाठले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारीने पश्चिमेचा घाटरस्ता धरला. वाटेत लाल-हिरव्या रंगांत नटलेल्या, टपावर पोती-पाट्या लादलेल्या बसगाड्या धूर सोडीत जात होत्या. नात एकदम ओरडली, "आजी, ही तर माझ्या शाळेची बस!" आणि ते खरेच होते. अमेरिकेतल्या जुन्या झालेल्या पिवळ्या शाळाबसेस येथे येतात आणि नवे रंग लावून पुन्हा कामाला लागतात.

सोलोला गाव जवळ आले तसे खाली आतित्लान सरोवर दिसले. निळे, शांत पाणी आणि पलीकडे तीन ज्वालामुखी. हे सरोवरही एका प्राचीन ज्वालामुखीच्या उदरात साचलेले आहे. देखावा डोळ्यांचे पारणे फेडणारा. पण या डोंगरांनी भोगलेही फार. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात या देशात सुमारे २३ हजार माणसे गेली. १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चालले. त्यात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले किंवा नाहीसे झाले, आणि त्यांतले बहुसंख्य येथले मूळचे माया लोक होते. २०१४-१५ च्या पाहणीत पाच वर्षांखालची जवळजवळ निम्मी मुले कुपोषणाने खुरटलेली आढळली. चिमी ही याच माया लोकांपैकी काक्चिकेल बोलणाऱ्या घरातली.

गावात पोचलो. मातीच्या विटांचे, पत्र्याच्या छपराचे घर. अंगणात आमच्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, आणि घरची माणसे मात्र उभी. शेजारीही जमले होते. आमच्याबरोबर दोन दुभाषे होते. एकाला इंग्रजी आणि स्पॅनिश येत होते; संस्थेच्या कार्यकर्तीला स्पॅनिश आणि काक्चिकेल. म्हणजे माझे मराठी मुलगा इंग्रजीत सांगणार, तिथून ते स्पॅनिशमध्ये आणि मग काक्चिकेलमध्ये जाणार. चार भाषांच्या चार पायऱ्या!

चिमी पुढे आली. लाल पट्ट्यांचा हातमागाचा पोलका, गुंडाळून नेसलेले लुगड्यासारखे वस्त्र, घट्ट घातलेली वेणी. मान खाली घालून तिने स्पॅनिशमध्ये आभाराचे चार शब्द म्हणून दाखवले. पाठ केलेले होते, हे भाषा न कळताही समजत होते. सारे टाळ्या वाजवू लागले, मुलाने फोटोसाठी फोन वर केला, आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. शुक्रवारच्या घरची ओसरी ती हीच! फक्त आज खुर्चीवर बसलेले पाहुणे आम्ही होतो.

"ठेव तो फोन," मी मुलाला म्हटले. त्याने चमकून पाहिले, पण फोन खिशात टाकला.

पुढे काय करावे ते मलाही कळेना. तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला. टप, टप, टप. भाकरी थापल्याचा! मी दुभाष्याची वाट न पाहता उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले.

आत धूर कोंडलेला. तीन दगडांच्या चुलीवर मातीचा सपाट तवा, आणि चिमीची आई दोन तळहातांमध्ये मक्याची भाकरी थापीत होती. हे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात आणि मग दळून त्याचे पीठ ओलेच मळतात. पूर्वी पाट्यावर वाटीत, आता गावात गिरणी आहे. मी हात धुतले, खुणेने एक गोळा मागून घेतला आणि आपल्या सवयीने चांगली ताटाएवढी भाकरी थापायला लागले. तव्यावर टाकायला उचलली, तो कडा फुटून तिचे तीन तुकडे झाले!

आई पदर तोंडाला लावावा तसा हात लावून हसली. दारात जमलेल्या बाया हसल्या. आणि चिमीने प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले. ती पुढे झाली, माझ्या हातातला गोळा घेऊन तिने निम्मा केला, हात पाण्यात बुडवून कसा फिरवायचा ते दाखवले. ती काक्चिकेलमध्ये सांगत होती, मी मराठीत विचारीत होते आणि कुणाचे काही अडत नव्हते. तिसरी भाकरी फुगली तेव्हा तिने मान डोलावली. मी तीस वर्षे वर्गात मुलांना शाबासकी दिली. शाबासकी मिळाल्याचे मात्र मला मुद्दाम आठवत नाही. ती त्या दिवशी मिळाली.

मग सारेच जमिनीवर बसलो. भाकरी, काळ्या घेवड्याची उसळ आणि मीठ. आता प्रश्न तिकडून येऊ लागले. तुमच्याकडे भाकरी कशाची? मी ज्वारीची म्हणून सांगितले. कार्यकर्तीने थोडा विचार करून 'माइसियो' हा शब्द वापरला. त्या भागात ज्वारीला तेच नाव आहे. माइसियो म्हणजे बारीक मका. आपली ज्वारी मक्याची धाकटी बहीण ठरली!

चिमीच्या आईचे लक्ष माझ्या इरकली लुगड्याकडे होते. तिने विचारून पदर हातात घेतला आणि आधी उलटा करून पाहिला. स्वतः विणणारी बाई उलटी बाजूच पाहणार. अंगणातल्या खांबाला तिचा माग बांधलेला होता. त्याचे दुसरे टोक कमरेला बांधून विणायचे. "हे कोणी विणलं?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. तिच्या अंगावरचे प्रत्येक वस्त्र कोणी विणले ते ती सांगू शकत होती, आणि मी माझ्या लुगड्याच्या विणकराचा कधी विचारही केला नव्हता.

निघायच्या सुमारास चिमीने नातीला हळूच काही विचारले. ते तीन पायऱ्या चढून आमच्यापर्यंत आले. "मी पाठवलेली कोंबडी पोचली का?"

कोंबडीचे ते चित्र दोन वर्षांपूर्वी आले होते. "आमच्या शीतकपाटावर आहे," नात म्हणाली, "रोज दूध काढताना दिसते." हे उत्तर पलीकडे पोचले, तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे हसू आले, ते पाठ केलेले नव्हते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ती पाच वर्षे पत्रे लिहीत होती, पण पलीकडे खरोखर कुणी वाचते की नाही, हे तिला तरी कुठे ठाऊक होते? आमच्याकडे तिचा फोटो होता, तसा तिच्या भिंतीवर आमचा होता. दोन्हीकडे फोटोच!

चिमीच्या आईने भाकऱ्या गुंडाळायचा एक विणलेला रुमाल माझ्या हातात ठेवला. मुलगा संकोचला. "आई, त्यांचे किती दिवस गेले असतील यात. कसं घ्यायचं?"

"घ्यायचंच," मी म्हटले. "तू पाच वर्षं देतो आहेस. आज त्यांना देऊ दे."

मोटारीत बसल्यावर मी त्याला अण्णांच्या बुधवारच्या घराची गोष्ट सांगितली. त्या घरी जेवण साधेच असे, कधी नुसता आमटीभात. पण घरातल्या आजोबांना दिसत नसे, म्हणून अण्णा जेवणानंतर त्यांना 'केसरी' वाचून दाखवीत. आजोबा मध्येच अडवून वाद घालीत, रागावत, आणि पुढच्या बुधवारी वाट पाहत. ते घर अण्णांनी अखेरपर्यंत सोडले नाही; दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जात. "तिथे मी जेवायला जात नसे," ते म्हणत, "वाचायला जात असे."

घास दोन्ही घरांचा सारखाच. एका घरी त्यांना नुसते घ्यावे लागले, दुसऱ्या घरी देताही आले. दूरदेशीच्या मुलाला भेटायला जावे की नाही, याचे माझ्यापुरते उत्तर यात आहे. पाहायला जायचे असेल, तर पैसे पाठवून घरी बसलेले बरे. काही शिकून, काही घेऊन यायची तयारी असेल, तर जरूर जावे. आणि जाणे न झाले, तर पत्र लिहावे, त्यात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त असावेत. आपल्या गावच्या शाळेतल्या मुलाच्या फीचा भार ज्यांनी उचलला आहे, त्यांनाही हेच लागू.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'चिमी' हे नाव कुणी घेत नाही. तिचे स्वतःचे सुरेख नाव आहे, त्याच नावाने आम्ही तिच्याबद्दल बोलतो. मागच्या महिन्यात तिचे पत्र आले. अभ्यास ठीक चालला आहे, कोंबडीला पिले झाली आहेत, आणि शेवटी एक ओळ: "आजीच्या भाकऱ्या आता कशा होतात?"

मी उत्तर लिहिले आहे. "कडा अजून फुटतात. पुन्हा एकदा दाखवावे लागेल."