आईला घेऊन श्रीलंकेला

बोधिवृक्ष पाहायचा, ही आमच्या आईची जुनी इच्छा. तिकिटे काढली आणि मग ध्यानात आले, तिकिटावर तिचे घरातले नाव, पासपोर्टवर कागदोपत्री नाव! दुरुस्तीत पैसे गेले, झोपही गेली. म्हणून सांगतो, पासपोर्ट समोर ठेवूनच तिकीट काढा.

कोल्हापुरातून परदेशी थेट विमान नाही. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली व एक रात्र मुक्काम केला. गाडीला उशीर झाला तर विमान आपल्यासाठी थांबत नाही.

पाऊस पाहून महिना ठरवावा. कोलंबोकडे मे ते सप्टेंबर, तर अनुराधपूरकडे ऑक्टोबर ते जानेवारी पाऊस असतो. फेब्रुवारी-मार्च बरा. कोलंबोहून अनुराधपूर सुमारे २०० किलोमीटर. बसने पाच-सहा तास धरा.

विहारात पांढरे साधे कपडे घालावेत. चपला बाहेर राहतात, दुपारी फरशी भाजते. म्हाताऱ्या माणसांसाठी मोजे न्यावेत.

बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी याच देशात आले होते. हे सांगितले तेव्हा वृक्षाखाली बसलेली आई म्हणाली, “मग आता थोडं बसू या.” आम्ही परतीची बस सोडून दिली.