छायाचित्रांचे जतन

एक काळ असा होता, की छायाचित्र काढविणे हा कुटुंबातील एक सोहळाच असे. लग्न, मुंज अथवा परगावी निघालेल्या मुलाचा निरोप अशा प्रसंगी घरातील मंडळी ठेवणीतले कपडे घालून छायाचित्रकाराच्या दुकानात जात, श्वास रोखून कॅमेऱ्यापुढे बसत; आणि मग ते एकच चित्र चौकटीत बसून पिढ्यान्‌पिढ्या माजघराच्या भिंतीवर विराजमान होई. आज ही स्थिती पार पालटली आहे. खिशातील मोबाइलने एका सहलीत शंभर-दोनशे छायाचित्रे सहज घेतली जातात आणि काही वर्षांतच एकेका घरी दहा-वीस हजार छायाचित्रांचा संग्रह होतो. संपत्ती वाढली, परंतु ती सांभाळण्याची दक्षता तितकीशी वाढली नाही.

कागदावरील छायाचित्र हळूहळू जीर्ण होते. ते पिवळे पडते, त्याच्या कडा झिजतात; तरीही त्यातील आजीचा चेहरा ओळखू येतो. डिजिटल छायाचित्राचे तसे नाही. ते वस्तुतः शून्य आणि एक या दोन अंकांची एक लांबलचक मालिका असते. 4 मेगाबाइटच्या एका छायाचित्रात असे तीन कोटींहून अधिक अंक असतात. हार्ड डिस्कमध्ये हे अंक मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने साठविलेले असतात. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड यांत ते विद्युत्‌भाराच्या रूपाने राहतात. डिस्क हातून पडली, तर तबकडीवर ओरखडा उमटू शकतो. मेमरी कार्ड वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले, तर त्यातील विद्युत्‌भार हळूहळू ओसरतो. अशा वेळी पुष्कळदा पूर्वसूचना मिळत नाही. आणि एखादे चित्र नव्हे, तर सारा संग्रहच एकदम नाहीसा होतो.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे प्रती करणे. डिजिटल छायाचित्राची प्रत मुळाहून तसूभरही वेगळी नसते, हा त्याचा मोठा गुण होय. जागेचीही अडचण नाही. वीस हजार छायाचित्रे सुमारे 80 गिगाबाइट जागेत मावतात, आणि एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये याच्या बारापट संग्रह राहू शकतो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारांनी प्रतींविषयीचा एक सुटसुटीत नियम रूढ केला आहे. तो ‘तीन-दोन-एक’ या नावाने ओळखला जातो. मूळ धरून एकंदर तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक तरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.

या नियमाच्या प्रत्येक अंगामागे कारण आहे. एक प्रत बिघडली आणि ती दुरुस्त करण्यापूर्वीच दुसरी हरवली, तर तिसरी उपयोगी पडते. साधने भिन्न असली, म्हणजे एकाच दोषाने सर्व प्रती एकदम नष्ट होण्याचा संभव कमी होतो. तिसऱ्या अंगाचे महत्त्व संकटकाळी कळते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत महापूर आला. अशा वेळी घरात शिरणारे पाणी मेजावरील संगणक आणि कपाटातील डिस्क यांत भेद करीत नाही. म्हणून एक प्रत परगावच्या नातलगाकडे किंवा दूरच्या संगणकांवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तेथे, ठेवणे इष्ट.

मात्र क्लाउडचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. मोबाइल आणि क्लाउड यांतील संग्रह सदैव एकसारखा ठेवणारी सोय आरशासारखी असते. मोबाइलवरील चित्र चुकून पुसले गेले, तर काही काळाने ते तेथूनही जाते. खरी राखीव प्रत आपण केलेली चूक जशीच्या तशी गिरवीत नाही. याच कारणास्तव, प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकापासून अलग करून ठेवावी. मग विजेचा झटका किंवा खंडणीखोर संगणक-विषाणू तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तसेच संदेशांतून पाठविलेले छायाचित्र बहुधा आकसलेले असते. यासाठी जतन करावयाचे ते मूळ चित्रच.

परंतु प्रत केली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. 1998 साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी 2’ या ॲनिमेशन चित्रपटाचे काम चालू होते. संगणकाला दिल्या गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या आणि त्यातील पात्रे पाहता पाहता नाहीशी झाली. राखीव प्रती घेण्याची व्यवस्था तेथे होती. पण ती कित्येक दिवस नीट चालत नव्हती, हे त्या वेळी उघडकीस आले! सुदैवाने, तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून जपून आणण्यात आला, आणि त्याच्या आधारे काम पुन्हा उभे राहिले. दूर ठेवलेल्या प्रतीने तारले. न तपासलेल्या प्रतीने दगा दिला.

म्हणून सहा महिन्यांतून एकदा तरी प्रती उघडून पाहाव्यात. किर्दीतील रकमांची बेरीज पानाखाली मांडतात, म्हणजे एखादा आकडा बदलला तर तो लपत नाही. त्याचप्रमाणे फायलीतील सर्व अंकांवरून एक पडताळा-संख्या काढणाऱ्या संगणकीय युक्त्या आहेत. मूळ आणि प्रत यांच्या संख्या जुळल्या, की प्रत निर्दोष समजावी. संग्रहाची मांडणीही व्यवस्थित हवी. ‘2019-08-05’ याप्रमाणे आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस अशी नावे दिली, की चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. डिस्कही काही वर्षांनी जुनी होते. ती बंद पडण्याची वाट न पाहता संग्रह नव्या डिस्कवर उतरवावा.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सिद्ध झाली. तिची मूळ पोथी आज उपलब्ध नाही. पण ठिकठिकाणच्या भाविकांनी तिच्या प्रती लिहून ठेवल्या. प्रतीवरून प्रत होताना त्यांत पाठभेद शिरले. तेव्हा शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. अनेकांनी प्रती केल्या आणि एकाने त्या पडताळल्या, म्हणून तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला.

घरातील छायाचित्रे हा ज्ञानेश्वरीसारखा ठेवा नव्हे, हे खरे. परंतु अंगणात नातवाला घास भरविणाऱ्या आजीचे छायाचित्र तिच्या पश्चात पुन्हा घेता येत नाही. ते जपावयाचे, तर त्यासाठी वर्षातील दोन सुट्ट्यांचे दिवस राखून ठेवणे काही फार नव्हे.